हन्मूचा घास

माणसाचं माणूसपण स्वच्छतेपासून सुरू होतं, असं मी एम.ए.च्या नीतिशास्त्राच्या पेपरात सहा पानं भरून लिहिलं होतं, आणि विद्यापीठाने त्या पेपराला शंभरापैकी बासष्ट गुण दिले होते. त्यानंतर नऊ वर्षांनी, श्रावणातल्या एका सकाळी, साडेतीन वर्षांचा हणमंत कदम माझ्यासमोर उभा राहिला. त्याने उजव्या नाकपुडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं, एक मेकूड बाहेर काढलं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं, आणि मला विचारलं, "पायजे?"

मी नको म्हणाले. त्याने आग्रह केला नाही. स्वतः खाल्लं.

फलटणमध्ये तेव्हा माझं पाळणाघर होतं. पाटीवर 'प्रज्ञा बालसंगोपन केंद्र' असं लिहिलेलं असलं तरी गावात ते आठल्येबाईंचं पाळणाघरच. कॉलेजात जागा निघेपर्यंत तात्पुरतं म्हणून सुरू केलं होतं. जागा निघाली नाही. दोन खोल्या, एक मोरी, अकरा मुलं, मी आणि मदतीला शेवंताबाई, असा एकूण संसार होता. शेवंताबाईंनी स्वतःची पाच आणि इतरांची किती वाढवली याचा हिशोब त्यांनाही नव्हता.

मुलांच्या घाणेरड्या सवयींबद्दल लोक तक्रारीच्या सुरात बोलतात. मलाही पहिल्या वर्षी किळस आली, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि तिसऱ्या वर्षी त्या सवयींचा एक प्रकारचा दबदबा वाटू लागला. एका वकिलांची मुलगी रोज खिडकीचे गज चाटायची. चारच गज, डावीकडून उजवीकडे, मध्ये एक सोडून. कुणी हाक मारली आणि मध्येच खंड पडला, तर पुन्हा पहिल्यापासून. बँकेतल्या साहेबांचा मुलगा भिंतीचे पोपडे खायचा, पण मोरीकडच्याच भिंतीचे, दारामागचे त्याला चालत नसत. एक जण दुसऱ्याच्या चड्डीत बोट घालून खात्री करून घ्यायचा आणि मग सगळ्यांना निकाल सांगायचा. या सगळ्यांत जी एकाग्रता होती, ती मला तत्त्वज्ञान विभागात कधी दिसली नव्हती.

हन्मू या सगळ्यांचा मुकुटमणी. वडील एसटीत ड्रायव्हर, आई खारी-टोस्टच्या भट्टीत कामाला. तो फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी प्यायचा. चपलेचा तळ चाटून ती कुणाची ते ओळखायचा, आणि दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखायचा. त्याच्या नाकाखाली दोन रेघा बाराही महिने असत. खायच्या बाबतीत त्याला कशाचंच वावडं नव्हतं. स्वतःचा डबा संपला की तो इतरांच्या डब्यांकडे असा बघायचा, की मला 'ज्याचा डबा त्यानेच खायचा' असा नियम करून भिंतीवर लावावा लागला. त्याआधी एका मुलाने दुसऱ्याच्या डब्यातलं अंडं खाल्लं आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं, तेही एक कारण होतंच. पाळणाघरात मी काहीच शिजवायचं नाही, पाणीसुद्धा घरचं, असा त्या नियमाचा पुढे विस्तार झाला.

श्रावणातच इरा नलवडे आली. पावणेदोन वर्षांची, पुढचे आठ दात मक्याच्या दाण्यांसारखे, आणि अंगावर मांस म्हणावं असं काही नाही. तिची आई अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. पंचवीस अंगणवाड्या त्यांच्या हाताखाली. प्रत्येकीत वजनाचे तक्ते, त्यांवर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. कुठल्या गावचं कुठलं मूल पिवळ्यात घसरलं ते नलवडे मॅडमना तोंडपाठ असे, आणि त्या मुलाच्या आईला त्या जे सुनवत, ते त्या आईलाही तोंडपाठ होई.

त्यांची स्वतःची मुलगी पिवळ्यात होती, आणि त्यातही लालच्या जवळ.

म्हणूनच त्या तिला आपल्या हाताखालच्या अंगणवाडीत पाठवू शकत नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कापडी पिशवीतून ऑफिसचा वजनकाटा काढला, माझ्या बाहेरच्या खोलीतल्या पाळण्याच्या कडीला स्टुलावर चढून टांगला, चड्डीसारख्या झोळीत इराला बसवलं आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. आठ किलो तीनशे.

"दसऱ्याला सासूबाई येणारेत," त्या म्हणाल्या. "काटा नऊला लागला तर ठीक. नाहीतर तिला दहिवडीकडे घेऊन जाणार. मिस्टरांनी पण हो म्हटलंय. मी मग रविवारी जाऊन भेटायचं."

मी म्हटलं, अजून सव्वादोन महिने आहेत.

"सातशे ग्रॅम, ताई," त्या म्हणाल्या. "मी रोज बायकांना सांगते, महिन्याला तीनशे तर कुणाचंही वाढतं."

त्या काटा पिशवीत घालत होत्या. हूक पिशवीच्या बंदात अडकला होता, तरी त्या पिशवी बंद करायला बघत होत्या.

इराचा डबा बघण्यासारखा असे. वर्ष पूर्ण झालं की मुलाला घरातलं सगळं अन्न द्यायचं, हे मॅडम गावोगाव सांगत आणि घरी पाळत. तुपाची पोळी, मेथीची नाहीतर दोडक्याची भाजी, मटकीची उसळ, दाण्याची चटणी. इरा त्या डब्याकडे परक्या घरी आल्यासारखी बघायची. घास पुढे केला की ओठ मिटायची. बळेच घातला तर तोंडात घोळवायची, गालात साठवायची आणि अर्ध्या तासाने तुमच्याच हातावर परत करायची. दूध तेवढं प्यायची. रक्त तपासून झालं होतं, लघवी तपासून झाली होती, भूक लागायच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या होत्या.

कारणं सगळ्यांकडे होती. शेवंताबाई म्हणाल्या, "नजर हाय. आणि मामाच्या हातनं उष्टावण झालं नसंल तर पोर खात न्हाई." मामा दुबईला होता, हे खरं होतं. मला वाटत होतं, आईच्या अपेक्षांचं ओझं मुलीने नाकारलंय. तसं मी मॅडमना सांगितलंही, जरा लांबलचक. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घास किती मोठा करू?"

वीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी इराचा डबा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी मॅडमनी संध्याकाळी डबा उघडून बघितला, तो नाकाशी धरून वास घेतला आणि मला विचारलं, कसं जमवलंत. मी नम्रपणे म्हटलं की संयम लागतो. मला वाटत होतं शेवंताबाई भरवतात. शेवंताबाईंना वाटत होतं मी भरवते. हे आम्हांला कळायला आठवडा लागला. तेही मी त्यांना शाबासकी द्यायला गेले म्हणून.

"म्या?" शेवंताबाई म्हणाल्या. "मी तर भांडी घासती तवा."

दोघींच्याही डोक्यात एकच नाव आलं. डबा हन्मू खात होता, आणि मी एका आईला आठवडाभर संयमाबद्दल सांगत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी कामाचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले आणि पडद्याआड उभी राहिले. हन्मूने स्वतःचा डबा चार मिनिटांत संपवला, झाकणही चाटलं. मग तो इराचा डबा घेऊन कोपऱ्यात गेला. इरा त्याच्यामागून गेली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. त्याने पोळीचा मोठा तुकडा तोडला, त्यात भाजी भरली आणि तोंडात घातला. मी पडदा बाजूला करणार, एवढ्यात लक्षात आलं की तो गिळत नाहीये.

तो चावत होता. डोळे अर्धवट मिटून, दोन्ही गालांनी, घाई न करता. मध्येच थांबून जिभेने अंदाज घेत होता, पुन्हा चावत होता. मग त्याने दोन बोटं तोंडात घालून हिरवट करड्या रंगाचा एक गोळा बाहेर काढला, उजेडाकडे धरला, त्यातला मिरचीचा तुकडा नखाने उपसून स्वतः गिळला आणि गोळा इराच्या तोंडाशी नेला.

इराने आ केला.

वीस दिवस आम्ही ज्या तोंडासमोर चिऊ-काऊ, विमान, आगगाडी, सगळं आणलं होतं, ते तोंड उघडलं. तिने तो गोळा गिळला आणि पुन्हा उघडलं. हन्मूने दुसरा तुकडा तोडला. त्याच्या नाकाखालची एक रेघ ओठापर्यंत आली होती, ती त्याने जिभेने आत घेतली आणि चावणं चालू ठेवलं.

मला उलटी व्हायला हवी होती. झाली नाही. मी मोजत होते. अडीच पोळ्या, सगळी भाजी. मेकूडही न सोडणारा तो पोरगा, तुपाच्या पोळीने तोंड भरलेलं असताना, मिरचीखेरीज काहीही गिळत नव्हता. शेवटी डब्याच्या तळाशी राहिलेलं तेलही त्याने बोटावर घेतलं, बोटाकडे एकदा बघितलं आणि ते तिला चाटायला दिलं.

शेवंताबाई माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. ओले हात त्यांनी पदराला पुसले. मग म्हणाल्या, "कबुतरं असंच करत्यात."

संध्याकाळी मी हन्मूला गाठून विचारलं, हे तुला कुणी शिकवलं.

"ती सांगती."

"ती तर अजून बोलत नाही."

"तोंड उघडती की," तो म्हणाला, आणि असल्या बाईला पाळणाघर कुणी काढू दिलं, अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिला.

मॅडमना सांगायला हवं होतं. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हवापाण्याबद्दल बोलले. डबा रिकामा बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे येत असे, ते मी दाखवलेल्या कुठल्याच संयमाने आलं नसतं. शेवंताबाईंशी ठरलं की वजन होईपर्यंत गप्प बसायचं.

गप्प बसायचं, तरी निदान स्वच्छ तरी करावं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी हन्मूचे हात साबणाने धुतले, नाक पुसलं, त्याला चार चुळा भरायला लावल्या. इराने पहिला गोळा तोंडात घेतला, चेहरा वाकडा केला आणि थुंकला. साबणाचा वास तिला आवडला नसावा. नुसत्या पाण्याने धुतलं, तर खाल्लं. मग मला वाटलं, त्या पोरावर एवढी जबाबदारी कशाला, हे काम मोठ्या माणसाने करावं. मी पोळी-भाजीचा घास घेतला, चावला, बोटांनी बाहेर काढला आणि त्या गोळ्याकडे बघितलं. इराकडे न्यायच्या आधीच मला मोरीत पळावं लागलं. परत आले तेव्हा हन्मूने माझी जागा घेतली होती.

सप्टेंबरच्या शेवटी हन्मूला सर्दी झाली आणि त्याच्या आईने त्याला दोन दिवस घरी ठेवलं. 'सर्दी-खोकला असल्यास मुलास पाठवू नये' हा माझाच नियम, लाल अक्षरांत. दोन्ही दिवस इराचा डबा जसाच्या तसा परत गेला. दुसऱ्या दिवशी मॅडम डबा बंद करत म्हणाल्या, "पुन्हा सुरू झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. मी तशीच कदमांच्या घरी गेले. हन्मूची आई भट्टीवरून नुकतीच आली होती, केसांना मैदा होता. मी विचारलं, ताप आहे का. नाही म्हणाली.

"मग पाठवा उद्या."

"बाई, शेंबूड गळतोय त्याचा."

"गळू दे," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मला अजून आठवते. पण पाठवलं.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा मॅडम दुपारी एक वाजता आल्या. त्या कधीच सहाच्या आत येत नसत. कुठलीशी बैठक रद्द झाली होती आणि काटा त्या दिवशी रिकामा होता. खांद्याला पिशवी, अंगावर इस्त्रीची साडी, पायात चपला तशाच. मी मोरीत एका मुलाला धूत होते. बाहेर आले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि कोपऱ्यात हन्मू दोन बोटांनी गोळा बाहेर काढत होता.

शेवंताबाई भांडं घासता घासता थांबल्या. मॅडमनी बघितलं की गोळा उजेडाकडे धरला जातो, त्यातली मोहरी उपसली जाते, आणि आपली मुलगी तोंड उघडते. एकदा, दोनदा, तीनदा. त्या हळूहळू खाली बसल्या, फरशीवर, त्या दोघांपासून हातभर अंतरावर. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

हन्मूने ते बघितलं. उघडं तोंड म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. चावून तयार असलेला गोळा त्याने इराकडे नेता नेता वळवला आणि तिच्या आईच्या तोंडात घातला.

मी फक्त मॅडमचा गळा बघत होते. तो एकदा हलला, थांबला, आणि पुन्हा हलला. त्यांनी गिळलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते किळसेचं की कशाचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

"रोजच कमी असतं," हन्मू म्हणाला.

मग त्यांनी पिशवीतून काटा काढला. कडीला टांगायला त्यांचा हात पुरला नाही, म्हणून मी टांगला. इराला झोळीत बसवलं. काटा लटपटला, इकडेतिकडे गेला आणि थांबला. नऊ किलो पन्नास. मॅडमनी तिला उतरवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा बघितलं. मग त्यांनी हन्मूकडे वळून विचारलं, "तुझं करू का वजन?" तो झोळीत बसला आणि काटा थांबेपर्यंत त्याने नाकात बोटसुद्धा घातलं नाही. मॅडमनी त्याच्यापुढे हात जोडले नाहीत की त्याला जवळ घेतलं नाही. पदराने त्याचं नाक पुसलं, पुसताना अजिबात घाई केली नाही, आणि पदर तसाच खोचला.

जाताना त्या दारात थांबल्या. "उद्यापासून त्याचा पण डबा मी देईन," म्हणाल्या. "मीठ बघून घालते."

सासूबाई दसऱ्याला आल्या, नात मांडीवर घेऊन बसल्या, जड झाली म्हणाल्या, आणि श्रेय कुलदेवतेला देऊन एकट्याच परत गेल्या. मी त्या आठवड्यात एका त्रैमासिकासाठी लेख लिहायला घेतला. करुणेचा उगम माणसात बुद्धीच्या आधी असतो, असा त्याचा विषय होता. शुचिता ही आपण नंतर शिकलेली भीती आहे, असं त्यात मी ठासून लिहिलं होतं. चौदा पानं झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर इरा आली. डबा उघडल्यावर तिने स्वतःच्या हाताने पोळी तोडली, तोंडात घातली, चावली आणि गिळली. हन्मूने सवयीने तयार करून पुढे केलेला गोळा तिने मनगटाने बाजूला सारला. त्याने तो थोडा वेळ हातात धरला, तिच्याकडे बघितलं आणि मग स्वतः खाऊन टाकला.

सुट्टीत मॅडमनी तिला साताऱ्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं होतं, दुसऱ्याने चावून दिलेलंच ती का खाते ते विचारायला. डॉक्टरांनी रिपोर्टांची फाइल उघडलीच नाही. इराला मांडीवर आडवं घेतलं आणि तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. दाढा उशिरा फुटल्या होत्या, चारही नुकत्याच वर आलेल्या. इतके दिवस तिला पोळी चावताच येत नव्हती.

मऊ भात दिला असता तरी चाललं असतं, असं ते म्हणाले.